फोटो आहे, पाकीट कुठंय?

‘सगळं स्कॅन करा, क्लाउडवर टाका आणि ती जुनी पाकिटं एकदाची हलवा.’ हर्बेरियमचा विषय निघाला की माझ्या क्षेत्रातले लोक हमखास हा सल्ला देतात. मी पोटासाठी कोडच लिहितो, तरी सांगतो: हा सल्ला अडाणी आहे.

पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर मायकॉलॉजिकल हर्बेरियम आहे. तिथे बुरशीचे वाळवलेले नमुने जपले जातात. अशा नमुन्यासोबतची नोंद साधी असते: कोणत्या झाडावर सापडली, कुठे, कधी, कोणी गोळा केली. एवढं तर एक्सेलमध्ये मावतं. पण यातला एक रकाना रिकामा ठेवून बघा.

क्रोनार्शियम रिबिकोला हा पाइन या सूचिपर्णी झाडावरचा तांबेरा. गव्हावरच्या तांबेऱ्याचा भाऊबंद. त्याचं अर्धं आयुष्य पाइनवर जातं, अर्धं करंट-गूजबेरीच्या झुडपांवर. दोन्हीकडे तो इतका वेगळा दिसतो, की एकेकाळी त्याला दोन नावं होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातून आणलेल्या रोपांसोबत तो अमेरिकेत पोचला आणि पाइनची जंगलं मारत सुटला. नोंदीत झाडाचं नावच नसेल, तर ही साखळी जुळवणार कशी?

बरं, सगळे रकाने भरले. मग पाकीट फेकायचं? १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडला, दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली. त्या काळातली रोगट पानं लंडनच्या क्यू आणि म्युनिकच्या हर्बेरियममध्ये राहिली. २०१३ साली त्यांतून डीएनए काढला, तेव्हा कळलं की करप्याच्या ज्या वाणावर अनेक वर्षं संशय होता, तो गुन्हेगार नव्हताच. पानं जपणाऱ्यांना डीएनए हा शब्दही माहीत नव्हता. फोटोतून डीएनए निघत नाही.

आपल्याच भाषेत सांगायचं, तर स्कॅन म्हणजे कॅश, पाकीट म्हणजे सोर्स. कॅश ठेवून सोर्स डिलीट करणाऱ्याला आपण टीममध्ये ठेवू का?

‘सह्याद्रीत कुठे पाइनची जंगलं आहेत?’ नाहीत. पण पावसाळ्यात सिंहगडावर तुम्ही टिपलेल्या बुरशीलाही हाच नियम. ॲप जे नाव सुचवतं, ते पक्कं करायला बरेचदा बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात, जुन्या नमुन्याशी ताडावे लागतात. उद्या नाव बदललं, तरी पुन्हा तपासायला नमुनाच लागतो.

म्हणून नोंदी ऑनलाइन आणाच. खुल्या, सगळ्या रकान्यांसकट, कुणालाही उतरवून घेता येतील अशा. पण नोंद, फोटो आणि पाकीट एकाच क्रमांकाने बांधलेली हवीत. आणि सर्व्हरसाठी पैसे मागाल, तेव्हा कपाटांसाठी, दमट हवा आणि किडे दूर ठेवण्यासाठी, ती पाकिटं वाचू शकणाऱ्या माणसांच्या पगारासाठीही मागा.