विद्यापीठाच्या नभोवाणीवरील गाण्यांचा तास

आपल्या देशात शिक्षणसंस्थांना स्वतःचे नभोवाणी केंद्र चालविण्याची मुभा मिळून दोन दशकांहून अधिक काळ लोटला. डिसेंबर २००२ मध्ये केंद्र सरकारने तसे धोरण मंजूर केले, १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले आणि २००६ मध्ये हा परवाना स्वयंसेवी संस्थांनाही खुला झाला. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी, मुंबई विद्यापीठाचे केंद्र, बारामतीची वसुंधरा वाहिनी ही नावे महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना परिचित आहेत. आरोग्य, शेती, कायदा, परीक्षांची तयारी अशा विषयांवरचे कार्यक्रम ही केंद्रे निष्ठेने करीत असतात आणि त्या कामाविषयी मला आदरच आहे. तथापि ज्या वयात माणूस गाण्यावर सर्वाधिक उत्कटतेने प्रेम करतो, नवे गाणे सापडले की ते दुसऱ्याला ऐकविल्यावाचून ज्या वयात चैन पडत नाही, त्या वयाची हजारो मुले-मुली ज्या आवारात वावरतात, त्याच आवारातल्या नभोवाणीवर त्यांच्या या प्रेमाला हक्काची जागा बहुधा मिळत नाही, आणि मिळालीच तर ती व्याख्यान व मुलाखत यांच्यामधली मोकळी मिनिटे भरून काढण्यापुरती असते, ही माझ्या मते शिक्षणाचीच हानी आहे.

विद्यार्थ्यांच्या नभोवाणीची परंपरा अमेरिकेत जुनी आहे. १९३६ मध्ये ब्राउन विद्यापीठातील जॉर्ज एब्रहॅम आणि डेव्हिड बोर्स्ट या दोघा विद्यार्थ्यांनी वसतिगृहांतून तारा ओढून आपल्या सोबत्यांपुरते प्रसारण सुरू केले. पुढे १९४८ मध्ये तेथील दळणवळण आयोगाने अवघ्या दहा वॉट शक्तीच्या शैक्षणिक केंद्रांना परवाने देण्याचे ठरविले आणि ज्यांचा आवाज गावाची वेस जेमतेम ओलांडीत असे अशी केंद्रे ठिकठिकाणच्या महाविद्यालयांत उभी राहिली. व्यापारी केंद्रांना जाहिरातदारांची मर्जी राखावी लागत असल्यामुळे तिथे ठरावीक गाणीच दिवसभर फिरत राहत. उलट या लहान केंद्रांना ना नफ्याची अपेक्षा होती ना तोट्याचे भय, आणि म्हणून ज्या गाण्यामागे मोठी कंपनी नाही, जे एखाद्या तळघरात तुटपुंज्या साधनांनी मुद्रित झाले आहे, ते ऐकण्याची आणि ऐकविण्याची सवड तिथल्या विद्यार्थ्यांना होती. जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावी १९८० मध्ये जमलेल्या आर. ई. एम. या वाद्यवृंदाची पहिली तबकडी १९८१ मध्ये एका अगदी लहान प्रकाशकाने काढली, देशभरातल्या महाविद्यालयीन केंद्रांनी ती आणि तिच्या मागून आलेल्या तबकड्या वर्षानुवर्षे वाजविल्या, आणि लोकप्रियतेच्या राष्ट्रीय यादीत पहिल्या दहांमध्ये त्यांचे गाणे पोहोचायला १९८७ साल उजाडले. मधली सहा-सात वर्षे या मंडळींना ज्यांनी जगविले त्यांत हे विद्यार्थी अग्रभागी होते.

परंतु मला सर्वाधिक मोह पडतो तो सिअ‍ॅटलच्या केसीएमयू या केंद्राचा. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९७२ मध्ये दहा वॉटवर ते सुरू केले आणि तेच आज केईएक्सपी या नावाने जगभर ऐकले जाते. या केंद्राचा एक शिरस्ता होता. नवी तबकडी आली की ती प्रथम ऐकणारा निवेदक तिच्या वेष्टनावर कागदाची चिठ्ठी चिकटवून स्वतःच्या अक्षरात अभिप्राय लिहीत असे: कोणते गाणे आधी वाजवावे, कोणत्या गाण्यात प्रसारणाला अयोग्य शब्द आहे, कोणाची आठवण होते, काय फसले आहे. त्याखाली दुसरा निवेदक आपला दुजोरा अथवा मतभेद नोंदवी, त्याखाली तिसरा. आणि असे होता होता एकेका वेष्टनावर लहानसा वादविवादच साठत जाई. साहित्याच्या वर्गात आपण ज्याला समीक्षा म्हणतो तिचा याहून जिवंत अभ्यास मला तरी माहीत नाही, कारण इथे प्रत्येक मताखाली लिहिणाऱ्याची ओळख होती आणि त्या मताची परीक्षा त्याच रात्री श्रोत्यांपुढे व्हायची होती. सब पॉप ही प्रकाशनसंस्था उभारणारे ब्रूस पॅव्हिट आणि जोनाथन पोनमन हे दोघेही या केंद्रावर कार्यक्रम करीत. मडहनी या वाद्यवृंदातला मार्क आर्म आणि साउंडगार्डन या वाद्यवृंदातला किम थायिल हेही तिथलेच निवेदक. म्हणजे पुढे ज्या संगीताने साऱ्या जगाचे लक्ष वेधले, त्याचे गायक, वादक, प्रकाशक आणि निवेदक एकाच लहानशा खोलीत एकमेकांच्या तबकड्यांवर मते लिहीत बसले होते.

१९८८च्या अखेरीस कर्ट कोबेन हा तरुण आपल्या निर्वाना या वाद्यवृंदाची पहिली तबकडी घेऊन या केंद्रावर आला, ती देऊन निघाला आणि गाडीत रेडिओ लावून वाट पाहू लागला. गाणे लागेना, तेव्हा वाटेतल्या सार्वजनिक दूरध्वनीवरून त्याने आपल्याच गाण्याची फर्माईश केली आणि मग ते लागले, असे त्याच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. तो पुढे केवढा मोठा झाला याला या प्रसंगात मी महत्त्व देत नाही. ज्याच्यापाशी कोणाची शिफारस नाही, वशिला नाही, अशा मुलाला स्वतःची तबकडी हातात घेऊन ज्या दारात जाता येईल असे एक दार त्या शहरात उघडे होते, हे मला मोलाचे वाटते. मराठवाड्यातल्या अथवा खानदेशातल्या एखाद्या गावी मोबाइलवर स्वतःचे गाणे मुद्रित करणाऱ्या मुलाला असे दार आज कुठे आहे?

यावर कोणी म्हणेल की त्याला दाराची गरजच उरली नाही. गाणे यूट्यूबवर चढविले की झाले, आणि ऐकणाऱ्याच्याही खिशात सारे जग आहे. हा आक्षेप वजनदार आहे, आणि त्यातला पहिला भाग तर मी आनंदाने मान्य करतो, कारण जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचे ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये कोणत्याही चित्रपटाच्या आधारावाचून घरोघरी पोहोचले ते याच वाटेने. परंतु त्या वाटेवर गाणे चढविणारे असंख्य आहेत आणि त्यांतले कोणते कोणापुढे यावे हे यंत्र ठरविते, आणि यंत्राचा आधार म्हणजे आपण काल काय ऐकले याची नोंद. ज्याने काल लावणी ऐकली त्याला ते आज लावणी देईल, ज्याने रॅप ऐकले त्याला रॅप. आवडीच्या बाहेर पाऊल टाकण्याचे धाडस त्याच्या हिशेबात बसत नाही. स्टुडिओत बसलेली विद्यार्थिनी मात्र नेमके तेच करू शकते. सर्वांना ठाऊक असलेले एक गाणे ती आधी लावते, त्याच्या अखेरच्या सुराशी ज्याचा आरंभ जुळेल असे कोणालाच ठाऊक नसलेले गाणे त्यामागे ठेवते, मधल्या अर्ध्या मिनिटात फेडर खाली घेऊन हे गाणे आपल्याला का आवडले ते दोन वाक्यांत सांगते, आणि ते आवडले नाही तर श्रोता केंद्र बदलील ही जोखीम आपल्या नावावर घेते. त्या दोन वाक्यांसाठी तिने घरी दहा वाक्ये लिहून खोडलेली असतात. ‘मस्त’, ‘भारी’, ‘एकदम हटके’ एवढ्यावर भागत नाही हे तिला पहिल्याच आठवड्यात कळते. ढोलकीचा ठेका नेमका कुठे बदलला, आवाज कुठे मुद्दाम कोरडा ठेवला, हे सांगायला शब्द शोधावे लागतात, आणि मराठीत ते शोधता शोधता तिची मराठी बळकट होते. आपल्या भाषेविषयी ज्यांना चिंता वाटते त्यांनी याही कार्यशाळेकडे पाहावे.

इथे लोकप्रिय आणि स्वतंत्र असा भेद करून एकाला आत घ्यावे आणि दुसऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवावे, या मताचा मी नाही. वॉशिंग्टन राज्यातल्याच ऑलिम्पिया गावी एव्हरग्रीन महाविद्यालयाच्या केएओएस केंद्राने ऐंशी टक्के संगीत स्वतंत्र प्रकाशकांचेच असावे असा दंडक घालून घेतला होता. मोठ्या कंपन्यांचे वर्चस्व पाहता तो समर्थनीय होता आणि त्यातून बरेच काही उगवलेही. पण आवड हुकमाने घडविण्याचा प्रयत्न फार ताणला की काय होते ते आपण आपल्याच घरी पाहिले आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे गृहस्थ १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताविषयी त्यांची कळकळ निःसंशय खरी होती आणि त्या कळकळीतून आकाशवाणीने पुढे अभिजात संगीताची मोठी सेवा केली. परंतु चित्रपटगीतांवर त्यांनी घातलेल्या मर्यादांमुळे आणि निर्मात्यांशी झालेल्या वादामुळे ती गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली, आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. तिचे निवेदक अमीन सयानी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेले होते आणि तेव्हा त्यांची विशीही पूर्ण झालेली नव्हती. महाविद्यालयीन वयाच्या एका मुलाने आपल्या आवडीचा आनंद लपवून न ठेवता श्रोत्यांना ‘बहनो और भाइयो’ म्हणून साद घातली आणि अवघा उपखंड बुधवारी संध्याकाळी कान देऊन बसू लागला. सरकारला १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली ती या अनुभवानंतरच.

याच काळात, याच आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये आठवड्याला एक याप्रमाणे गीतरामायण प्रसारित झाले हेही विसरता कामा नये. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची प्रतिभा तर त्यामागे होतीच. पण ते मागवून घेणारे, त्यासाठी वर्षभराची वेळ राखून ठेवणारे सीताकांत लाड हे अधिकारीही होते. खुर्चीवर बसलेल्या माणसाचे गाण्यावर प्रेम असले आणि त्याला वेळापत्रकात जागा करण्याचा अधिकार असला, म्हणजे सरकारी दप्तरातूनही काय निघू शकते याचा हा दाखला आहे. विद्यार्थ्यांच्या बाबतीत प्रेमाची वाण नाही. अधिकार तेवढा द्यायचा राहिला आहे.

हक्कशुल्काची अडचण मात्र खरी आहे. चित्रपटगीत वाजवायचे तर हक्कधारकांना मोबदला द्यावा लागतो आणि शंभर वॉटच्या, जाहिरातीच्या मिनिटांवर मर्यादा असलेल्या केंद्राला तो खर्च जड जातो. पण इथेच स्वतंत्र संगीताचा आणि महाविद्यालयीन नभोवाणीचा हितसंबंध एकत्र येतो. स्वतःच्या मुद्रणाचे हक्क स्वतःपाशी राखलेला कलावंत लेखी संमती थेट देऊ शकतो. रेमो फर्नांडिस यांनी १९८४ मध्ये शिवोलीच्या घरी बसून ‘गोअन क्रेझी’ ही ध्वनिफीत एकट्याने मुद्रित केली आणि तिच्या प्रती स्वतःच्या स्कूटरवरून दुकानादुकानांत पोहोचविल्या. त्या वेळी पणजीत अथवा म्हापशात विद्यार्थ्यांचे केंद्र असते तर त्यांची स्कूटर तिथे सर्वांआधी थांबली असती. आज पुण्यात, नाशिकात, नागपुरात, कोल्हापुरात खोलीत बसून गाणी करणारी मुले आहेत, शाहिरीला रॅपची जोड देणारी आहेत, गोंधळाच्या संबळाखाली गिटार धरणारी आहेत. त्यांच्याकडून संमतिपत्रे गोळा करून त्यांचे रीतसर दप्तर ठेवणे हे काम एखाद्या महाविद्यालयातील पाच-सहा विद्यार्थी एका सत्रात करू शकतील.

आणि ज्यांच्याकडे केंद्रे आहेत त्यांनी ती जपावीत हेही सांगितले पाहिजे, कारण अमेरिकेतही सारे आलबेल नाही. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाने केटीआरयू या विद्यार्थ्यांच्या केंद्राचा परवाना पंचाण्णव लाख डॉलरांना विकला; सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाने केयूएसएफचे प्रसारण १८ जानेवारी २०११ रोजी पूर्वसूचना न देता बंद करून विक्रीचा करार केला. दोन्ही ठिकाणी विद्यार्थी आणि गावकरी रस्त्यावर उतरले. चार वर्षांनी राइसच्या विद्यार्थ्यांनी कमी शक्तीचा नवा परवाना मिळवून पुन्हा स्वतःचे प्रसारण सुरू केले. जमाखर्चाच्या वहीत अशा केंद्राची किंमत सहज मांडता येते, त्याचे शिक्षण मांडता येत नाही, म्हणून विकणाऱ्याचे फावते.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक विद्यापीठीय केंद्राने आठवड्यातून निदान दोन संध्याकाळी एकेक तास विद्यार्थ्यांकडे सोपवावा. गाणी त्यांनी निवडावी, निवेदन त्यांनी लिहावे, वाजविलेल्या प्रत्येक गाण्याचे शीर्षक, कलावंत आणि कालावधी त्यांनी नोंदवहीत लिहावा, आणि प्राध्यापकाने कायद्याच्या बाबींखेरीज त्यात हस्तक्षेप करू नये. एखाद्या तासाला सुमार गाणी लागतील, एखादा निवेदक अडखळेल, एखाद्या पालकाचे तक्रारपत्र येईल. ते पत्र पुढच्या तासाला त्याच विद्यार्थ्याला वाचायला द्यावे आणि उत्तरही त्यालाच देऊ द्यावे. विद्यापीठांचे नवे सत्र सुरू होताना वेळापत्रके नव्याने आखली जातात. त्यांत हे दोन तास घालण्यासाठी नव्या परवान्याची गरज नाही, नव्या यंत्रसामग्रीची गरज नाही, कुलगुरूंच्या सहीचे एक पत्रक पुरेसे आहे.