नवअभियंत्यांचे पहिले वेतन : आकड्यामागील करार

माहिती तंत्रज्ञान क्षेत्राने देशातील लाखो अभियंत्यांना पहिली नोकरी दिली. मात्र या पहिल्या नोकरीचे वेतन दीर्घकाळ जवळपास गोठलेले आहे. मोठ्या सॉफ्टवेअर सेवा कंपन्या २०१२ च्या सुमारास नवपदवीधरांना वर्षाला तीन ते सव्वातीन लाख रुपये देत असत. २०२४ मध्येही हा आकडा साडेतीन लाखांच्या आसपासच होता. याच काळात ग्राहक मूल्य निर्देशांक १०० वरून १८५ च्या पुढे गेला. म्हणजेच या वेतनाची खरेदीशक्ती सुमारे चाळीस टक्क्यांनी घटली.

पदवीधरांची संख्या मोठी असल्याने त्यांची वाटाघाटीची ताकद कमी पडते. महाविद्यालयातील निवडप्रक्रियेत शेकडो विद्यार्थ्यांना एकच वेतन देऊ केले जाते. अनेक ठिकाणी एका विद्यार्थ्याला एकच नोकरी असा नियम असल्याने दुसरा प्रस्ताव हाती ठेवून बोलणी करता येत नाहीत. शिवाय हाती आलेला प्रस्तावही कायम राहील याची हमी नसते. विप्रोने फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा लाखांचा प्रस्ताव मिळालेल्या काही उमेदवारांपुढे साडेतीन लाखांचा पर्याय ठेवला. इन्फोसिसने २०२२ मध्ये निवडलेल्या काही पदवीधरांना रुजू होण्यासाठी सुमारे दोन वर्षे थांबावे लागले. २०२४ मध्ये याबाबतची तक्रार केंद्रीय कामगार मंत्रालयापर्यंत पोहोचली.

अशा स्थितीत वेतनाच्या आकड्याइतकेच महत्त्व नेमणूकपत्रातील अटींना आहे. वार्षिक पॅकेजमध्ये बहुधा कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतील वाटा, ग्रॅच्युइटी आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कमही धरलेली असते; त्यामुळे दरमहा हाती येणारे वेतन अपेक्षेपेक्षा कमी भरते. ठरावीक मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास रक्कम भरण्याची अटही दुर्लक्षिण्याजोगी नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये एका सरकारी बँकेच्या प्रकरणात दोन लाख रुपयांची अशी अट वैध ठरवली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांनी नेमणूकपत्र बंधनकारक केले आहे. वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असल्यास वरची रक्कम वेतनातच धरली जाते. मात्र रुजू होण्याची तारीख उलटून गेल्यास भरपाई कोणती, हे अद्याप प्रामुख्याने करारावरच अवलंबून आहे. एकटा विद्यार्थी हा प्रश्न कंपनीपुढे क्वचितच मांडू शकेल. शेकडो विद्यार्थ्यांच्या वतीने बोलणारी महाविद्यालये मात्र तो निवडप्रक्रियेपूर्वीच मांडू शकतात.