बिनभावाची मूलद्रव्ये

गेल्या महिन्यात मुलुंडमधील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या जिन्यांतील जुन्या ट्यूबलाइट काढून त्यांच्या जागी एलईडी दिवे बसवण्यात आले. विजेचे बिल कमी होणार म्हणून सर्वांनाच समाधान वाटले. काढलेल्या सामानासाठी भंगारवाल्याला बोलावले. त्याने एकेक चोक हातात घेऊन वजन अजमावले, आतील तांब्याचा अंदाज बांधला आणि भाव सांगितला. पत्र्याच्या पट्ट्या लोखंडाच्या दराने घेतल्या. काचेच्या नळ्यांकडे मात्र त्याने पाहिलेही नाही. "याला भाव नाही, साहेब," एवढेच तो म्हणाला. आम्ही चार ठिकाणी चौकशी केली, पण त्या नळ्या घेणारे कोणी सापडले नाही. अखेर त्या कचऱ्याच्या गाडीत गेल्या आणि फुटल्याचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत आला. त्या उचलून टाकणाऱ्या सफाई कामगाराच्या हातात मोजे नव्हते आणि तोंडावर साधा रुमालही नव्हता.

अशा प्रत्येक नळीत काही मिलिग्रॅम पारा असतो. त्याच्या वाफेतून वीज गेल्याशिवाय ती नळी उजळत नाही. चोकमधील तांबे बाजारात परतले. नळीतील पारा शहराच्या हवेत आणि मातीत गेला. ज्या दोन मूलद्रव्यांनी वर्षानुवर्षे मिळून आमचा जिना उजळला, त्यांच्या वाटा केवळ भावाने वेगळ्या केल्या. या साध्या प्रसंगात एका मोठ्या सामाजिक प्रश्नाचे बीज आहे.

शाळेच्या भिंतीवरील मूलद्रव्यांचा तक्ता आपण परीक्षेपुरता पाठ करतो आणि विसरतो. १८६९ साली मेंडेलिव्हने तो मांडला तेव्हा ६३ मूलद्रव्ये ज्ञात होती. आज त्यांची संख्या ११८ आहे. त्यांतील कितीतरी आपल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात मुक्कामाला असतात. भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रातून नळाला येणाऱ्या पाण्यात क्लोरीन असतो, मिठाच्या पुडीत आयोडीन असते. कढई अॅल्युमिनियमची, भिंतीतील तारा तांब्याच्या, इन्व्हर्टरच्या बॅटरीत शिसे, मोबाइलमध्ये लिथियम, कोबाल्ट आणि कणभर सोने. नव्या एलईडी दिव्यात गॅलियम आहे. हे मूलद्रव्य सापडले १८७५ साली. पण त्याचे गुणधर्म मेंडेलिव्हने त्यापूर्वीच, १८७१ साली, तर्काने सांगून ठेवले होते.

यांपैकी कोणाची उपयुक्तता किती आणि किंमत किती, यांचा मेळ क्वचितच बसतो. पाण्यावाचून जगता येत नाही तरी ते स्वस्त आणि हिरा निरुपयोगी तरी महाग असे का, हा प्रश्न अॅडम स्मिथने १७७६ साली उपस्थित केला होता. आमचे विद्यार्थी हे कोडे पुस्तकात वाचतात. ते पाहण्यासाठी त्यांनी अंधेरीच्या सीप्झपर्यंत जावे. तेथे दागिन्यांत जडवला जाणारा हिरा आणि त्यांच्या हातातील पेन्सिलीचे शिसे हे दोन्ही एकाच कार्बनचे अवतार आहेत. पेन्सिलीच्या त्या 'शिशा'त शिसे नावालाही नसते, हे आणखी एक गंमतीचे. तात्पर्य, बाजाराचा भाव पदार्थाची दुर्मिळता आणि मागणी सांगतो. त्याची उपयुक्तता तो सांगत नाही, आणि त्याचा अपाय तर मुळीच सांगत नाही.

येथे आमच्या विषयाचीही एक उणीव कबूल केली पाहिजे. अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात 'उपभोग' हा शेवटचा टप्पा मानला जातो. वस्तू विकली, वापरली, संपली. रसायनशास्त्राला हे मान्य नाही. लाव्हाझिएने १८व्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले की रासायनिक क्रियेत वस्तुमान नाहीसे होत नाही. भाजीचा देठ कुजून त्याची माती होते. पण शिसे जाळले, पुरले वा पाण्यात टाकले तरी ते शिसेच राहते. आपण वस्तू वापरून संपवतो, मूलद्रव्य संपत नाही. ते फक्त आपल्या हिशेबाच्या वहीतून बाहेर पडते.

शिशाचेच उदाहरण घेऊ. स्कूटरची वा इन्व्हर्टरची जुनी बॅटरी कोणी उकिरड्यावर टाकत नाही. ती दिली की नव्या बॅटरीच्या किमतीत सूट मिळते. भावामुळे शिसे परत येते, हे खरे. परंतु ते कोणत्या भट्टीत वितळते आणि त्याचा धूर कोणाच्या झोपडीवरून जातो, हे भाव विचारीत नाही. शिशाची सुरक्षित मात्रा ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांच्या मेंदूवर होणारा त्याचा परिणाम पुढे भरून येत नाही. जगातील साधारणपणे दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक आहे, असा अंदाज युनिसेफने २०२० साली प्रसिद्ध केला.

या प्रश्नावर उपाय नाही असे मात्र नाही. पेट्रोलमधील शिसे बाजाराने काढले नाही; ते नियमाने काढावे लागले. भारतात २००० साली शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र आले आणि २०२१ साली जगातील शेवटच्या देशानेही मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबवली. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा आहे. जेथे भाव मुका राहतो तेथे कायद्याने बोलावे लागते, हाच या इतिहासाचा धडा आहे.

आज कायदा बोलतो आहे, पण पुष्कळसा भावाच्याच भाषेत. इलेक्ट्रॉनिक कचऱ्यासंबंधीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांच्या यादीत पाऱ्याचे दिवेही आहेत. परंतु पुनर्प्रक्रियेची प्रमाणपत्रे देताना प्रामुख्याने सोने, तांबे, अॅल्युमिनियम आणि लोखंड या चार धातूंचा हिशेब धरला जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने जुन्या बॅटऱ्या व इलेक्ट्रॉनिक कचऱ्यातून दुर्मिळ खनिजे मिळवण्यासाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. ती स्वागतार्हच आहे. परदेशातून आणावे लागणारे लिथियम आणि कोबाल्ट आपल्या कपाटातील बंद मोबाइलमध्ये पडून राहावे, हे शहाणपणाचे नव्हे. पण ज्याला भाव आहे ते साकीनाक्याच्या आणि कुर्ल्याच्या भंगाराच्या गल्ल्यांतून कसेबसे परत येतच होते. प्रश्न पाऱ्याचा आहे, कॅडमियमचा आहे.

भाव नसलेल्या गोष्टी फुकट पडतात, अशी आपली समजूत असते. मुलुंडकरांना तरी तसे म्हणता येणार नाही. १९६७ च्या सुमारास सुरू झालेले मुलुंडचे कचराभूमीचे केंद्र ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद झाले. तेथे साचलेला सुमारे ७० लाख टन कचरा उपसण्यासाठी महापालिकेला ७०० कोटी रुपयांहून अधिक रकमेचे कंत्राट द्यावे लागले. त्या ढिगात नाना प्रकारचा कचरा होता, सारा दोष ट्यूबलाइटच्या नळ्यांचा नव्हे. परंतु टाकताना न दिलेली किंमत पुढच्या पिढीच्या करातून वसूल होते, एवढे त्यातून सिद्ध झाले. पैशाची वसुली निदान मोजता येते. आरोग्याची मोजता येत नाही.

मग करावे काय? उपाय नवा नाही. आरेचे दूध काचेच्या बाटल्यांतून येत असे, ते दिवस चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना आठवतील. रिकामी बाटली दिल्याखेरीज भरलेली बाटली मिळत नसे आणि पहाटे केंद्रावरच्या रांगेत कोणी बाटली विसरून येत नसे. पारा असलेला दिवा वा लहान बॅटरी विकताना दहा-वीस रुपये अनामत घ्यावी आणि वस्तू परत आणणाऱ्याला ती द्यावी. ज्याला बाजारात भाव नाही, त्याला अशा रीतीने भाव मिळेल. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत अनामतीची कल्पना होतीच. ती दुकानाच्या गल्ल्यापर्यंत पोचली नाही. आणि ज्या वस्तू अनामतीशिवाय आधीच घरोघरी आहेत, त्यांच्यासाठी प्रत्येक प्रभागात ठरलेल्या दिवशी गोळा करणारी गाडी हवी.

याने वस्तू महाग होतील, अशी हरकत घेतली जाईल. वस्तुतः त्या आजही महागच आहेत. फक्त त्यांच्या किमतीचा एक हिस्सा गाडीवरचा सफाई कामगार आणि भट्टीशेजारचे मूल भरत आहे. गरिबाने भरलेली किंमत पावतीवर दिसत नाही म्हणून ती नाही असे मानणे हे अर्थशास्त्र नव्हे. भंगारवाल्याला दोष देण्यातही अर्थ नाही. शहर ज्याचे पैसे देत नाही ते काम तो पोटासाठी करतो आणि ज्याला भाव नाही ते उचलण्याची ऐपत त्याच्यापाशी नाही.

आमच्या जिन्यातील दिवे आता अधिक लख्ख उजेड देतात. गच्चीच्या जिन्यावर मात्र अजून चार जुन्या नळ्या शिल्लक आहेत. त्या काढू नयेत, असे मी संस्थेच्या सभेत सुचवले. "का?" असे सभासदांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, "त्या ठेवायच्या कोठे, हे कोणी सांगेपर्यंत त्या जागच्या जागी असलेल्या बऱ्या." सभेत हशा पिकला. प्रश्न मात्र तसाच राहिला.