न बिघडलेल्या संगणकाचे बिल

महिन्याची एकोणीस तारीख. वीसला जीएसटीचे विवरणपत्र भरायचे असते आणि नेमका त्याच सकाळी कर सल्लागाराच्या कचेरीतला मुख्य संगणक सुरू व्हायला तयार नाही. दुरुस्तीवाल्याला फोन जातो. "मुलगा पाठवतो साहेब, पण तो गावाच्या दुसऱ्या टोकाला अडकलाय. दुपार होईल." मुलगा साडेतीनला येतो. कॅबिनेट उघडतो, धूळ फुंकतो, रॅमची पट्टी काढून तिची कडा खोडरबराने घासतो आणि परत बसवतो. पडदा उजळतो. कचेरीला हायसे वाटते, मुलाला चहा मिळतो आणि भेटीचे पैसे कुरकुर न करता दिले जातात.

इंदूर असो, बेळगाव असो की नागपूर, असंख्य कचेऱ्या, दवाखाने, शाळा आणि पतसंस्था वर्षानुवर्षे अशाच चालत आल्या आहेत. या व्यवहारातली गंमत अशी, की संगणक बिघडला तरच दुरुस्तीवाल्याची चूल पेटते. तो मुद्दाम काही बिघडवतो असे नव्हे. पण संगणक बिघडू नये यात त्याचा स्वतःचा फायदा मात्र काडीचाही नसतो.

वार्षिक देखभालीचा करार, म्हणजे ज्याला सगळे एएमसी म्हणतात, तो आला तेव्हा हे गणित थोडे फिरले. 'मॅनेज्ड सर्व्हिसेस' नावाच्या धंद्याने तर ते पुरतेच उलटे केले. यात सेवा पुरवणारी कंपनी दर संगणकामागे दर महिन्याला ठरावीक रक्कम घेते आणि संगणक, नेटवर्क, ईमेल, बॅकअप, व्हायरसपासून संरक्षण असे सगळेच आपल्या अंगावर घेते. इमारतीची लिफ्ट सांभाळणाऱ्या कंपनीसारखाच हा प्रकार. आता मुलाला स्कूटरवरून पाठवायचे म्हणजे कंपनीच्या खिशातून पैसे जाणार. संगणक जितका शांत, तितका नफा जास्त.

पण ही शांतता राखायची कुणी? समजा, एखाद्या कंपनीकडे चाळीस गिऱ्हाइके आणि त्यांचे मिळून सहाशे संगणक आहेत. मायक्रोसॉफ्ट २००३ सालापासून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोजमधल्या दोषांवरची ठिगळे प्रसिद्ध करत आली आहे. एका संगणकावर ती हाताने चढवायला दहा मिनिटे धरली, तरी सहाशे संगणकांना शंभर तास लागतात. दिवसाचे आठ तास म्हटले तर एका माणसाचे साडेबारा दिवस केवळ या एका कामात गेले. त्यात प्रवास नाही, चहा नाही आणि "आत्ता नको, मी टॅलीमध्ये आहे" असे सांगून परत पाठवणारे हिशेबनीसही नाहीत.

स्वयंचलनाची गरज इथे लागते. प्रत्येक संगणकात एक छोटा पहारेकरी प्रोग्राम बसवला जातो. या धंद्यात त्याला 'एजंट' म्हणतात. डिस्क किती भरली, अँटिव्हायरस जागा आहे की झोपला, रात्रीचा बॅकअप झाला की नाही, याची खबर तो कंपनीच्या मध्यवर्ती पडद्याकडे पाठवत राहतो. हार्ड डिस्क मरण्यापूर्वी पुष्कळदा कण्हू लागते. तिच्यावरच्या खराब झालेल्या जागांची संख्या वाढत जाते आणि ती नोंद डिस्क स्वतःच ठेवत असते. ही नोंद वेळेवर वाचली गेली तर एकोणीस तारखेला मरणारी डिस्क पाच तारखेलाच बदलता येते. अर्थात सगळ्याच डिस्का पूर्वसूचना देऊन जात नाहीत. माणसांसारखेच आहे ते.

पहारेकरी नुसती खबर देऊन थांबत नाही. प्रिंटरची रांग अडकली तर ती सेवा बंद करून पुन्हा चालू करणे, डिस्क नव्वद टक्के भरली तर तात्पुरत्या फायलींचा कचरा काढणे, ठिगळे रात्री दोन वाजता चढवून सकाळपर्यंत संगणक तयार ठेवणे, ही कामे आधी लिहून ठेवलेल्या आज्ञांनुसार आपोआप होतात. जे आपोआप सुटत नाही त्याचे 'तिकीट' बनते. तिकीट म्हणजे तक्रारीची नोंद. गिऱ्हाइकाचा फोन येण्याआधीच ती योग्य तंत्रज्ञाच्या पुढ्यात पडलेली असते.

सेवा देणाऱ्याचा खरा लाभ याच्याही पुढचा आहे. चांगल्या तंत्रज्ञाने एखादा बिघाड एकदा सोडवला, की ती युक्ती त्याच्या डोक्यात राहायची आणि तो नोकरी सोडून गेला की युक्तीही त्याच्याबरोबर जायची. ती आज्ञावलीत उतरवली तर चाळीसही गिऱ्हाइकांना मिळते, आणि नवशिक्या पोराच्या हातूनही तितकीच बिनचूक मिळते. कुणी कर्मचारी नोकरी सोडून गेला तर त्याचे ईमेल, फायलींचे दरवाजे, सगळे एका हुकुमासरशी बंद करता येते. हाताने करताना यातले एखादे हमखास राहून जाते. सरकारी नियमांनाही याची मदत होते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना सहा तासांत कळवाव्या लागतात आणि यंत्रणेच्या नोंदी एकशेऐंशी दिवस जपाव्या लागतात. वहीत लिहून हे होणारे काम नव्हे.

एवढे सगळे सुरळीत चालले, की मग वेगळीच अडचण उभी राहते. कराराचे वर्ष संपते, नूतनीकरणाची वेळ येते आणि दवाखान्याचे डॉक्टर विचारतात, "अहो, आठ महिन्यांत तुमच्याकडचं कुणी फिरकलंसुद्धा नाही. मग हे पैसे कसले?" जो मुलगा धावत येऊन रॅम घासून गेला त्याची मेहनत डोळ्यांना दिसली. रात्री दोन वाजता चुपचाप झालेले काम कुणाला दिसले? घरातली गृहिणी हा प्रश्न चांगलाच ओळखून असेल. म्हणून धोरणी कंपन्या दर महिन्याला एक अहवालही आपोआप पाठवतात. त्यात किती ठिगळे चढली, किती व्हायरस अडवले, कोणत्या संगणकाची डिस्क धोक्यात आहे, हे असते. पुष्कळजण तो न वाचताच पुसून टाकतात ही गोष्ट वेगळी.

निदान बॅकअपची ओळ तरी त्यात वाचावी, कारण आपोआप चालणारी गोष्ट आपोआप बंदही पडते, आणि तीही चुपचाप. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीतल्या थकलेल्या तंत्रज्ञाने रात्री चुकून भलत्याच, म्हणजे मुख्य सर्व्हरवरची माहिती पुसली. हरकत नाही, बॅकअप आहेत, असे म्हणून शोधायला गेले तर रोजचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता. तो होत नसल्याचे इशारे ईमेलने निघत होते, पण पत्त्याची खूण पटत नसल्यामुळे कंपनीचीच ईमेल यंत्रणा ते परत धाडत होती. कुणीतरी सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढून ठेवलेली एक प्रत सापडली म्हणून निभावले. कंपनीने ही सगळी फजिती स्वतः जाहीर केली, हे तिच्या पदरात टाकायला हवे. बॅकअप 'झाला' असे हिरवे चिन्ह दिसणे आणि त्यातून फाईल परत मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेवा देणाऱ्याला विचारायचा प्रश्न एकच: शेवटची फाईल परत काढून कधी पाहिली?

दुसरा धोका किल्लीचा. सहाशे संगणक एका पडद्यावरून चालवता येतात, याचाच अर्थ तो पडदा चोराच्या हाती लागला तर सहाशेही घरे उघडी. २ जुलै २०२१ रोजी, अमेरिकेत स्वातंत्र्यदिनाच्या सुट्ट्या लागत असताना, नेमके हेच घडले. कासेया या कंपनीचे सॉफ्टवेअर अशाच सेवा देणाऱ्या कंपन्या वापरत. त्यातल्या दोषाचा फायदा घेऊन रेव्हिल नावाच्या खंडणीखोर टोळीने नेहमीच्या सुधारणेच्या वेषात आपला विषारी प्रोग्राम खाली पाठवला. कासेयाच्याच अंदाजानुसार ८०० ते १५०० व्यवसायांच्या फायली कुलूपबंद झाल्या. स्वीडनमध्ये कूप या किराणा दुकानांच्या साखळीचे गल्ले चालेनात आणि तिला शेकडो दुकाने बंद ठेवावी लागली. त्या दुकानांनी कासेयाकडून काहीच घेतले नव्हते. त्यांचे गल्ले सांभाळणाऱ्याने घेतले होते.

आपल्याकडेही एकाच सेवादात्यावर अनेकांनी विसंबण्याची झळ ३१ जुलै २०२४ ला बसली. छोट्या बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याने तिला देशाच्या पेमेंट यंत्रणेपासून तात्पुरते तोडावे लागले. सुमारे तीनशे सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या खातेदारांचे व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली.

म्हणून जाणकार कंपन्या स्वयंचलनालाही लगाम घालतात. मध्यवर्ती पडद्यावर जायला पासवर्डखेरीज दुसरी खूण लागते. नवे ठिगळ आधी आपल्याच चार संगणकांवर, मग एखाद्या सोशिक गिऱ्हाइकाकडे आणि दोन दिवसांनी बाकीच्यांकडे जाते. एकदम सगळीकडे पाठवले की काय होते, ते १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाने पाहिले.

त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी नऊ वाजून एकोणचाळीस मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक सदोष सुधारणा पाठवली. चूक लक्षात येऊन ती मागे घ्यायला अठ्ठ्याहत्तर मिनिटे लागली. तेवढ्यात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, जगभरचे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले होते. आपल्याकडे हैदराबादसारख्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. संगणक पुरता सुरूच होत नसल्यामुळे त्यातला पहारेकरीही निपचित होता. मग दुरून आज्ञा पाठवायची कुणाला? पुष्कळ ठिकाणी प्रत्येक संगणकापाशी माणूस जाऊन बसला, त्याने तो विशिष्ट पद्धतीने सुरू केला आणि ती एक फाईल पुसली. ज्या संगणकांच्या डिस्कला कुलूप होते तिथे अठ्ठेचाळीस आकडी किल्ली हाताने टंकावी लागली. 

एरवी कॅबिनेट उघडणारा मुलगा आता लागतो कशाला, असे म्हणणाऱ्यांना तो त्या दिवशी आठवला असेल. खरे तर पासवर्ड बदलून दे, प्रिंटर चालू कर, अशा किरकोळ कामांतूनच नवखी पोरे शिकत आली आणि नेमकी तीच कामे आधी यंत्राकडे गेली. उद्याचा अनुभवी तंत्रज्ञ कोणत्या पायरीवरून वर चढणार, याचा विचार या धंद्याने अजून नीट केलेला दिसत नाही. वाचलेल्या शंभर तासांतले दहा जरी पोरांना शिकवण्यात घातले तरी बरेच होईल.

त्या गोंधळात ऑस्ट्रेलियातल्या ग्रँट थॉर्नटन या लेखापाल संस्थेच्या तंत्रज्ञांनी मात्र एक नामी शक्कल काढली. अठ्ठेचाळीस आकडे टंकत बसण्याऐवजी त्यांनी प्रत्येक संगणकाच्या किल्लीचा बारकोड तयार केला आणि किराणा दुकानात साबणाच्या वडीवर धरतात तसले साधे यंत्र अडकलेल्या संगणकाला जोडले. पडद्यावरच्या बारकोडवर ते धरले, टिक् असा आवाज आला, की सगळे आकडे एका दमात आत. मग पुढचे टेबल.