सात दिवसांची सेवा, सहा महिन्यांचा वनवास

दिवाळी सरली की जालना जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांतील अनेक वस्त्या ओस पडू लागतात. मुकादमाची उचल फेडण्यासाठी नवराबायकोचा कोयता साखर कारखान्याची वाट धरतो. मुले शाळा सोडून फडात जातात, नाही तर थकलेल्या आजी-आजोबांच्या हवाली होतात. त्या म्हाताऱ्यांना कोणी सांभाळायचे, हे कोणीच विचारीत नाही.

गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील ४० हजार विद्यार्थ्यांनिशी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाकाठी १२० तास सेवा करावी, असा तिचा दंडक आहे. परंतु गावाच्या लक्षात राहते ते सात दिवसांचे शिबिर: ग्रामसफाई, प्रभातफेरी, समारोपाची भाषणे. ऊसतोडीचा हंगाम मात्र पाच-सहा महिने चालतो.

हेच तास हंगामाच्या चोवीस आठवड्यांवर विभागले, तर आठवड्याला पाच होतात. हंगामी वसतिगृहातील मुलांचा अभ्यास घेणे, निराधार वृद्धांचे श्रावणबाळ योजनेचे अर्ज भरून तहसील कचेरीत पाठपुरावा करणे, एवढे त्यांत निश्चित बसते.

अर्थात, या सेवेच्या आडोशाला शासनाने लपता कामा नये. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण २००९ च्या कायद्याने हक्क ठरविले आहे. वसतिगृह वेळेवर उघडले नाही, तर विद्यार्थ्यांनी वर्गणी गोळा करीत न बसता जिल्हा परिषदेला जाब विचारावा. मुलाला अक्षर शिकविणाऱ्या तरुणाला त्याच्या आईबापांची उचल का फिटत नाही, हा प्रश्न पडलाच पाहिजे. तो पडेल अशी व्यवस्था करणे, हे समाजवादी कार्यकर्त्यांचे काम आहे.