हिरोला लागू तर द्या!

परवा लोणी काळभोरच्या हॉस्टेलवर स्पाय फिल्म्सची मॅरेथॉन रंगली. पहिल्याच पिक्चरमध्ये हिरोनं दहा जणांना लोळवलं, पण शर्टाची इस्त्रीही मोडली नाही. आम्ही सगळे मोबाइल चाळत होतो!

मग लागला २००६चा ‘कॅसिनो रॉयल’. अरुंद जिन्यातली मारामारी, नुसती झोंबाझोंबी. पण खरी कमाल त्यानंतर आहे. डॅनियल क्रेगचा बाँड आरशासमोर रक्त धुतो, शर्ट बदलतो. व्हेस्पर कपड्यांसकट शॉवरखाली थरथरत बसते. तेव्हा जाणवतं, आत्ता इथे माणसं मेलीत.

आपल्या ‘पठान’मध्येही (२०२३) मला ट्रेनवरच्या हाणामारीपेक्षा शेवटी निवृत्तीच्या गप्पा मारणारे शाहरुख-सलमान जास्त खरे वाटले.

जत्रेतली कुस्ती पाहिलीय ना? पैलवानाला धाप लागते, म्हणून आपला जीव टांगणीला लागतो. सीरिजमधला हिरो मरणार नाही, हे तर तिकीट काढतानाच माहीत असतं. मग निदान त्याला दुखू तरी द्या!

पुढच्या वेळी मारामारी संपली की लगेच मोबाइल उचलू नका. नंतरची दोन मिनिटं बघा. फाइट खरी की खोटी, तिथेच कळेल.