आधी खेळ, मग कप

शनिवारी सकाळी अमेरिकेतल्या कुठल्याही सॉकर मैदानावर जा. नऊ-दहा वर्षांच्या मुली खेळत असतात आणि कडेला खुर्च्या टाकून बसलेले आपण आईबाबा ओरडत असतो, "मार लांब!" खरं तर अमेरिकी सॉकर महासंघाने २०१७ पासून या वयोगटासाठी सात-सात जणींचा खेळ ठरवून दिला आहे. गोलकीपरने हातातला बॉल लाथेने लांब उडवायचा नाही, असा नियमच आहे; जवळच्या मैत्रिणीला द्यायचा, हा त्यामागचा हेतू. त्यात चुका होतात, गोल खावे लागतात. पण बॉल पायाशी ठेवून मैदान बघायला मुली त्यातूनच शिकतात.

जिंकायची घाई झालेला कोच मात्र उंच, दणकट मुलींनाच खेळवतो. पुढे बाकीच्याही उंच होतात, पण तोवर बेंचवर बसून कंटाळलेल्या कित्येकींनी खेळ सोडलेला असतो.

जिंकायची जिद्द हवीच. पण क्लबची भरमसाट फी भरण्याआधी कप किती मिळाले हे विचारू नका. माझ्या मुलीला मॅचमध्ये किती मिनिटं खेळायला मिळेल, हे विचारा. आणि परतताना गाडीत "गोल किती?"च्या आधी "आज नवीन काय करून पाहिलंस?" असं विचारून बघा.